शिकागोची बुडीत भिशी : व्हाइट सॉक्सच्या पुनर्बांधणीचं प्रकरण

२४ सप्टेंबर २०२४, मंगळवारची रात्र. शिकागोच्या दक्षिण भागातल्या मैदानावर यजमान व्हाइट सॉक्स पाहुण्या एंजल्सविरुद्ध ०-२ असे मागे होते. मोसमातले १२० सामने ते आधीच हरले होते. आणखी एक हरले की १९०१ पासूनच्या बेसबॉलमधला सर्वाधिक पराभवांचा विक्रम त्यांच्या नावावर लागणार होता. एरवी ओस पडणाऱ्या स्टँडमध्ये त्या रात्री बऱ्यापैकी गर्दी होती आणि तिच्यातली बरीच मंडळी हा विक्रम याचि देही याचि डोळा पाहायला आली होती. बेसबॉलचा सामना नऊ इनिंगचा. पूर्ण मोसमात सात इनिंगनंतर पिछाडीवर असताना या संघाने एकही सामना वाचवला नव्हता. त्या रात्री मात्र आठव्या इनिंगमध्ये त्यांना काय सुचलं कोण जाणे, तीन रन काढून त्यांनी ३-२ असा सामना मारला.

टाळ्या पडल्या, पण त्या रात्रीची खरी घोषणा होती ‘संघ विका!’ निर्णायक फटका मारणारा अँड्र्यू बेनिनटेंडी सामना संपल्यावर म्हणाला, की लोक इतिहास बघायला आले होते, त्यांना अजून एक दिवस थांबावं लागणार, बहुतेक. त्याच्या त्या ‘बहुतेक’मध्ये सगळं आलं. दुसऱ्या दिवशीही सॉक्स जिंकले, तिसऱ्या दिवशी तर ७-० असे. विक्रम शेवटी शुक्रवारी २७ तारखेला डेट्रॉइटमध्ये झाला, परक्या मैदानावर. घरच्या प्रेक्षकांना तेवढंही मिळालं नाही.

आपलाच संघ हरावा म्हणून तिकीट काढून येणारा चाहता एका वाईट मोसमात तयार होत नाही. पराभव कोणालाही पचतो. आपल्याकडे क्रिकेट बघणाऱ्यांना तर पराभव पचवण्याची चांगलीच तालीम आहे. हा राग वेगळ्या जातीचा आहे. भिशीत दर महिन्याला इमानेइतबारे हप्ता भरावा, आपला नंबर लागला म्हणून हात पुढे करावा आणि भिशी चालवणाऱ्याने सांगावं, की पैसे तर संपले, चला, नवी भिशी सुरू करू. हा राग त्या जातीचा. तो कसा साठत गेला, ते तारीखवार बघण्यासारखं आहे.

हरण्याचा हिशेब

आधी थोडं यंत्र समजून घेऊ. अमेरिकेच्या मोठ्या बेसबॉल लीगमध्ये ३० संघ, प्रत्येकाचे मोसमाला १६२ सामने. तळाला गेलात म्हणून खालच्या लीगमध्ये ढकललं जाण्याची भीती नाही. उलट तळाला गेल्याचा फायदाच. दरवर्षी शाळा-कॉलेजांतून येणाऱ्या पोरांची निवड होते, तिला ड्राफ्ट म्हणतात, आणि तिथे वाईट संघाचा नंबर आधी लागतो. आयपीएलच्या लिलावात तळाच्या संघाने पहिला खेळाडू बोली न लावता उचलावा, तसं काहीसं. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. खेळाडू मोठ्या संघात आला की साधारण सहा वर्षं तो त्या संघाच्या ताब्यात असतो. त्यातली पहिली तीनेक वर्षं तर तो किमान पगाराच्या आसपासच खेळतो. म्हणजे बावीस वर्षांचा चांगला खेळाडू स्वस्त आणि तीस वर्षांचा तोच खेळाडू महाग.

यातून जे गणित निघतं त्याला तिकडे ‘रिबिल्ड’ म्हणतात, पुनर्बांधणी. चांगले खेळाडू विकायचे, बदल्यात दुसऱ्यांची होतकरू पोरं घ्यायची, तीन-चार वर्षं मुकाट्याने हरायचं, ड्राफ्टमध्ये वरचे नंबर घ्यायचे. पोरं एकाच वेळी वयात आली की मधल्या काळात वाचलेला पैसा बाहेर काढायचा आणि उरलेल्या जागा विकत भरायच्या. ह्यूस्टन ॲस्ट्रोजने हे करून दाखवलं. २०११ ते २०१३ या तीन मोसमांत ते १०६, १०७ आणि १११ सामने हरले आणि २०१७ मध्ये अजिंक्य झाले. शिकागोच्या उत्तर भागातल्या कब्जनेही हेच केलं. २०१२ मध्ये १०१ पराभव आणि २०१६ मध्ये १०८ वर्षांनी अजिंक्यपद.

कब्जचं ते अजिंक्यपद दक्षिण शिकागोला किती झोंबलं असेल याची कल्पना पुणे-मुंबई वादावर पोसलेल्या माणसाला सहज यावी. व्हाइट सॉक्सने २००५ मध्ये, म्हणजे कब्जच्या अकरा वर्षं आधी, ८८ वर्षांचा दुष्काळ संपवला होता. अंतिम मालिकेत ॲस्ट्रोजना ४-० धुतलं होतं. पण गाजावाजा झाला तो कब्जचा.

करार

२०१६ चा मोसम सॉक्सने २३ विजय, १० पराभव असा झोकात सुरू केला आणि ७८-८४ वर संपवला. मधल्या पडझडीत दोन गोष्टी घडल्या. जूनमध्ये त्यांनी सॅन डिएगोकडून जेम्स शील्ड्स नावाचा उतरणीला लागलेला पिचर (आपल्या गोलंदाजासारखा, चेंडू टाकणारा) घेतला आणि बदल्यात दिलेल्या दोघांत सतरा वर्षांचा एक पोरगा होता, फर्नांडो टाटीस ज्युनियर. पुढे तो या खेळातल्या सर्वांत मोठ्या नावांपैकी एक झाला. (२०२४ चा तो १२० वा पराभव सॅन डिएगोतच झाला. टाटीस अजून तिथेच खेळतो.) दुसरी गोष्ट जुलैमधली. संघाचा सर्वोत्तम पिचर क्रिस सेल याला त्या दिवशी घालायला दिलेला १९७६ च्या धर्तीचा जुनाट गणवेश पसंत पडला नाही, म्हणून त्याने ड्रेसिंग रूममध्ये त्या गणवेशांवर सरळ कात्री चालवली. पाच दिवसांचं निलंबन झालं. कात्री कापडावर चालली, पण धागा कुठला तुटला ते सगळ्यांना समजलं.

खेळाडूंची खरेदी-विक्री बघणारे जनरल मॅनेजर रिक हान यांनी त्याच महिन्यात उघड मान्य केलं, की आपण सामान्यपणाच्या चिखलात रुतलोय. डिसेंबरात त्यांनी दोन दिवसांत दोन सौदे केले. ६ तारखेला सेल बोस्टनला गेला, बदल्यात योआन मोंकाडा, मायकेल कोपेक आणि आणखी दोघे आले. ७ तारखेला ॲडम ईटन वॉशिंग्टनला गेला. लुकास जिओलिटो, रेनाल्डो लोपेझ आणि डेन डनिंग हे तीन तरुण पिचर मिळाले. पुढच्या जुलैत होसे किंतानाला चक्क कब्जना देऊन त्यांच्याकडून एलॉय हिमेनेझ आणि डिलन सीझ घेतले. त्याआधी मे २०१७ मध्ये क्यूबाचा लुइस रॉबर्ट २.६ कोटी डॉलर देऊन करारबद्ध केला होता.

माझं मत विचाराल तर हे सौदे उत्तम होते, आजही उत्तमच म्हणावे लागतील. सीझ २०२२ मध्ये अमेरिकन लीगच्या (मोठ्या लीगचे अमेरिकन आणि नॅशनल असे दोन भाग, सॉक्स पहिल्यात) सर्वोत्तम पिचरच्या मतदानात दुसरा आला. रॉबर्टने २०२३ मध्ये ३८ होमरन, म्हणजे षटकारासारखे कंपाउंडपार फटके, मारले. जिओलिटो काही वर्षं संघाचा पहिल्या नंबरचा पिचर होता. म्हणजे ‘पोरं निवडायला चुकले’ हे कारण इथे पुरत नाही.

आणि चाहत्यांनी साथ दिली. ही गोष्ट नंतरच्या गदारोळात विसरली गेली. २०१७ मध्ये ९५ पराभव, २०१८ मध्ये बरोबर शंभर, २०१९ मध्ये ८९. या तीन वर्षांत दक्षिण शिकागोत मालकाच्या नावाने बोटं मोडणारे होतेच, पण ‘जरा दम धरा, पोरं तयार होतायत’ म्हणून त्यांना समजावणारे जास्त होते. लोक अलाबामातल्या बर्मिंगहॅमच्या आणि नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लटच्या दुय्यम संघांचे धावफलक रोज पाहायचे. ज्या पोरांचं मोठ्या संघात पदार्पणही झालं नव्हतं त्यांच्या नावाच्या जर्सी घालून फिरायचे. म्हणजे हप्ता भरला, वेळेवर आणि हसतमुखाने भरला.

पहिली शंका २०१९ च्या फेब्रुवारीत आली. त्या हिवाळ्यात नावाजलेला खेळाडू मॅनी मचाडो करार संपून मोकळा झाला होता. तो यावा म्हणून सॉक्सने त्याचा मेहुणा योंडर अलोन्सो आणि मित्र जॉन जे या दोघांना आधीच संघात घेतलं. सोयरीक जुळवताना मुलीच्या मावशीला आधी वश करावं, तसला प्रकार. मग बोली लावली आठ वर्षांना २५ कोटी डॉलरची. सॅन डिएगोने दहा वर्षांना ३० कोटी दिले आणि मचाडो तिकडे गेला. अलोन्सो आणि जे मात्र शिकागोत राहिले, लग्न मोडल्यावरही मांडवात बसून राहिलेल्या पाहुण्यांसारखे. हान यांनी तेव्हा दिलासा दिला, की पैसा खर्च होणार, या हिवाळ्यात नसेल तर पुढे कधी, पण होणार.

हे वाक्य दक्षिण शिकागोत अजून कुणी विसरलेलं नाही.

मक्याच्या शेतातली रात्र

मग चांगले दिवस आलेही. २०२० च्या कोविडने कापलेल्या मोसमात ३५-२५, बारा वर्षांनी पहिला प्लेऑफ. होसे अब्रेयू लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, जिओलिटोने नो-हिटर टाकला, म्हणजे अख्ख्या सामन्यात समोरच्यांना एकही यशस्वी फटका मारू दिला नाही. प्लेऑफमध्ये ओकलंडकडून १-२ असे हरले, पण कुणाला फार वाईट वाटलं नाही. ही तर सुरुवात होती.

२०२१ मध्ये ९३ विजय आणि विभागाचं विजेतेपद. त्या वर्षीची १२ ऑगस्टची रात्र या चाहत्यांच्या आठवणीतला सोन्याचा तुकडा आहे. आयोवातल्या डायर्सव्हिल गावी मक्याच्या शेतात खास मैदान तयार केलं होतं. कंपाउंडच्या पलीकडे पुरुषभर उंचीचा मका, समोर न्यूयॉर्क यांकीज. नवव्या इनिंगमध्ये यांकीजनी पारडं फिरवलं आणि सॉक्स एका रनने मागे पडले. मग टिम अँडरसन आला, त्याने चेंडू उजवीकडे भिरकावला आणि तो उभ्या मक्यात दिसेनासा झाला. ९-८. अँडरसनने २०१९ मध्ये ०.३३५ च्या सरासरीने लीगचं फलंदाजीचं अव्वल स्थान मिळवलं होतं. दक्षिण शिकागोचा तो चेहराच होता. त्या रात्री कुणी सांगितलं असतं, की तीन वर्षांनी हाच संघ १२१ सामने हरेल, तर त्याला लोकांनी मक्यातच गाडला असता.

त्या वर्षीच्या प्लेऑफमध्ये ॲस्ट्रोजनी त्यांना ३-१ ने घरी पाठवलं. पूर्ण पुनर्बांधणीतून निघालेलं फळ मोजायचं तर ते असं : दोन प्लेऑफ, एकही मालिका जिंकलेली नाही, जिंकलेले सामने एकूण दोन. एक ओकलंडविरुद्ध, एक ह्यूस्टनविरुद्ध.

मालकाची हौस

या प्रकरणातला कळीचा दिवस शोधायचा तर मी सामन्याचा दिवस निवडणार नाही. २९ ऑक्टोबर २०२० निवडेन.

त्याआधी दोन आठवडे सॉक्सने मॅनेजर रिक रेंतेरिया यांना काढलं होतं. बेसबॉलमधला मॅनेजर म्हणजे आपल्या क्रिकेटमधला कोच आणि मैदानाबाहेर बसलेला कप्तान असं मिश्रण. कोण खेळणार, पिचर कधी बदलायचा, हे तोच ठरवतो. नवा माणूस कसा हवा, यावर हान म्हणाले होते, की अलीकडच्या काळात अजिंक्यपदाच्या आसपास वावरलेल्या संघातला अनुभव हवा. आले कोण? टोनी ला रूसा, वय ७६. थोर माणूस, सन्मान दालनात नाव असलेला, यात वाद नाही. पण त्यांनी शेवटचं मैदान सांभाळलं ते २०११ मध्ये. ते आले त्याचं कारण अगदी घरगुती होतं. ला रूसा १९७९ ते १९८६ या काळात याच संघाचे मॅनेजर होते आणि त्यांना तेव्हा काढू दिल्याची खंत मालक जेरी राइन्सडॉर्फ यांना पुढची सगळी वर्षं होती. ती खंत त्यांनी चौतीस वर्षांनी भरून काढली. तीन वर्षं हरून, पोरं वाढवून, जिंकायची वेळ आली तेव्हा मालकाने गाडीची किल्ली जुन्या दोस्ताच्या हातात दिली.

काय झालं ते दोन प्रसंगांत सांगतो. मे २०२१. येर्मिन मर्सेडीझ हा अठ्ठावीस वर्षांचा, दुय्यम संघांत उमेदवारी करत आलेला खेळाडू अचानक चमकला होता, लोकांचा लाडका झाला होता. मिनेसोटाविरुद्ध सॉक्स १५-४ ने पुढे होते आणि हार मानलेल्या मिनेसोटाने पिचर म्हणून एका साध्या क्षेत्ररक्षकाला उभं केलं होतं. त्याच्या एका संथ चेंडूवर मर्सेडीझने होमरन ठोकला. एवढी आघाडी असताना असा फटका मारू नये असा जुना संकेत आहे. ला रूसांनी आपल्याच खेळाडूला पत्रकारांसमोर झापलं. दुसऱ्या दिवशी मिनेसोटाच्या पिचरने मर्सेडीझच्या पाठीमागून चेंडू टाकला, तर त्यालाही त्यांची हरकत नव्हती. ड्रेसिंग रूममधल्या पोरांनी यातून काय घ्यायचं ते घेतलं.

दुसरा प्रसंग जून २०२२ मधला, समोर लॉस एंजलिसचे डॉजर्स. फलंदाज ट्रे टर्नर, त्याच्यावर दोन स्ट्राइक झालेले, म्हणजे अजून एक पडला की बाद. अशा अवस्थेत ला रूसांनी त्याला मुद्दाम फुकट बेस देऊन पुढच्या माणसाला खेळवायचं ठरवलं. क्रिकेटच्या भाषेत सांगायचं तर फलंदाज बाद व्हायच्या बेतात असताना त्याला स्वतःहून एक धाव देऊन समोरच्याला स्ट्राइकवर आणायचं. स्टँडमधून एक जण ओरडला, ‘टोनी, त्याच्यावर दोन स्ट्राइक आहेत!’ ते टीव्हीच्या माइकने टिपलं. पुढचा फलंदाज मॅक्स मन्सी. त्याने तीन रनांचा होमरन मारला. सामना ११-९ ने गेला. प्रेक्षकांत बसलेल्या त्या माणसाचं नाव कुणाला ठाऊक नाही, पण माझ्या मते या प्रकरणाचा साक्षीदार क्रमांक एक तोच.

२०२२ चा मोसम ८१-८१. जितके जिंकले तितकेच हरले. ला रूसा प्रकृतीच्या कारणाने ऑगस्टअखेर बाजूला झाले आणि मग निवृत्त.

गळती कुठे होती

दुखापतींचा हिशेब मांडायलाच हवा, नाहीतर अन्याय होईल. हिमेनेझने २०२१ च्या सराव सामन्यात, ज्याला काडीची किंमत नसते, कंपाउंडवर उडी मारून होमरन अडवायचा प्रयत्न केला आणि छातीचा स्नायू फाडून घेतला. रॉबर्टचा कमरेखालचा, मांडीच्या सांध्याजवळचा स्नायू त्याच मोसमात फाटला. मोंकाडाला पाच वर्षांचा सात कोटींचा करार दिला, तो दुखण्यांतून फारसा वर आलाच नाही. अँडरसनने २०२३ मध्ये अख्ख्या मोसमात एक होमरन मारला. नशीब फिरलं होतं, हे खरं.

पण नशीब फिरतं म्हणून तर बाकीच्या जागा भरून ठेवायच्या असतात, आणि त्याच भरल्या गेल्या नाहीत. कार्लोस रोडॉनचं उदाहरण घ्या. २०२१ च्या एप्रिलमध्ये त्याने नो-हिटर टाकला, मोसमाअखेर लीगच्या पहिल्या पाच पिचरमध्ये होता. मोसम संपल्यावर त्याला एका वर्षाचा १.८४ कोटी डॉलरचा ठरलेला प्रस्ताव द्यायचा की नाही, एवढाच प्रश्न होता. दिला असता तर एकतर तो राहिला असता किंवा दुसरीकडे गेल्यावर बदल्यात ड्राफ्टमधला जादा नंबर मिळाला असता. दिला नाही. रोडॉन फुकटात गेला. २०२२ च्या मोसमानंतर अब्रेयूही गेला.

आणि तो ‘खर्च होणारा पैसा’? या संघाच्या इतिहासातला सर्वांत मोठा करार म्हणजे बेनिनटेंडीचे पाच वर्षांचे ७.५ कोटी डॉलर. दहा कोटींचा आकडा त्यांनी आजवर कुणासाठी गाठलेला नाही. हे शिकागो आहे, अमेरिकेतलं तिसरं मोठं शहर. तुलनेला याच विभागातला कॅन्सस सिटीचा संघ घ्या. गाव लहान, बाजार लहान. २०२३ मध्ये ते १०६ सामने हरले. मग २०२४ च्या फेब्रुवारीत त्यांनी आपल्या बॉबी विट ज्युनियरला अकरा वर्षांसाठी २८.८ कोटींहून जास्त दिले, बाहेरून पिचर आणले आणि त्याच वर्षी ८६ सामने जिंकून प्लेऑफ गाठला. ज्या डेट्रॉइटमध्ये सॉक्सचा १२१ वा पराभव झाला, तिथे त्याच रात्री यजमानांनी दहा वर्षांनी प्लेऑफची जागा पक्की केली. एका संघाचा जल्लोष आणि दुसऱ्याची नाचक्की, एकाच सामन्यात. हा डेट्रॉइटचा संघ २०१९ मध्ये ११४ सामने हरला होता. म्हणजे खड्ड्यातून वर यायचा रस्ता होता, शेजारीपाजारी येतही होते.

विल्यम्स आणि हान यांना २२ ऑगस्ट २०२३ रोजी काढलं. केनी विल्यम्स हे हान यांच्या वरचे. २००५ चा विजेता संघ बांधणारेही तेच. लोकांना वाटलं, आता तरी बाहेरचा माणूस येईल, खिडक्या उघडल्या जातील. नऊ दिवसांत निकाल लागला. क्रिस गेट्झ, याच संघाचा माजी खेळाडू, २०१६ पासून याच कचेरीत तरुण खेळाडूंच्या जडणघडणीचा प्रमुख. बाहेर कुणाची मुलाखतही झाली नाही. मालकांचं म्हणणं असं, की बाहेरच्या माणसाचं एक वर्ष घर समजून घेण्यातच जाईल आणि आपल्याला लवकर सुधारायचं आहे. पुढच्या वर्षी १२१ पराभव.

२०२४ चं फार वर्णन करत नाही. पहिल्या २५ सामन्यांत ३ विजय. मेअखेरीपासून जूनच्या सुरुवातीपर्यंत सलग १४ पराभव. मग १० जुलै ते ५ ऑगस्ट सलग २१, अमेरिकन लीगच्या विक्रमाशी बरोबरी. ती माळ तुटली ६ तारखेला आणि ८ तारखेला मॅनेजर पेड्रो ग्रिफोल यांची नोकरी गेली. हरत होते तोवर ठेवलं, जिंकल्यावर दोन दिवसांनी काढलं, हा योगायोग कुणीतरी लिहून ठेवण्यासारखा. जुना विक्रम १९६२ च्या न्यूयॉर्क मेट्सचा होता, १२० पराभव. पण मेट्स तेव्हा नवा कोरा संघ होता, पहिलंच वर्ष, इतरांनी टाकून दिलेल्या खेळाडूंचा. व्हाइट सॉक्स १९०१ पासूनचे, अमेरिकन लीगच्या मूळ घराण्यांपैकी. काही चाहते डोक्यावर कागदी पिशव्या घालून मैदानात बसले. २००६ मध्ये वर्षाला साडेएकोणतीस लाखांच्या आसपास प्रेक्षक येणाऱ्या मैदानावर २०२४ मध्ये १३.८ लाख आले. मला तर १३.८ लाख हाच आकडा थक्क करणारा वाटतो.

दुसरी भिशी

११ डिसेंबर २०२४ रोजी सॉक्सने आपला सर्वोत्तम पिचर गॅरेट क्रोशे विकला. लांबलचक हातांचा, वेगवान डावखुरा. विकला कुणाला? बोस्टनला. आठ वर्षांपूर्वी याच डिसेंबरात, याच बोस्टनला, तसाच लांबलचक हातांचा वेगवान डावखुरा सेल विकला होता. बदल्यात पुन्हा चार होतकरू पोरं : काइल टील, ब्रेडन मॉन्टगमरी, चेस माइड्रॉथ, विकेलमन गोन्झालेझ. मधल्या काळात सेल बोस्टनसोबत २०१८ चं अजिंक्यपद जिंकून, पुढे अटलांटाला जाऊन २०२४ चा नॅशनल लीगचा सर्वोत्तम पिचरही ठरला होता. त्याच्या बदल्यात आलेला कोपेक २०२४ च्या जुलैत डॉजर्सकडे गेला आणि तीन महिन्यांत अजिंक्यपदाची अंगठी घालून बसला. जिंकायचं असेल तर व्हाइट सॉक्समधून बाहेर पडायचं, अशी एक वाटच तयार झाली.

सौदा वाईट होता का? नाही. टील आणि माइड्रॉथ २०२५ मध्येच मोठ्या संघात आले आणि टिकले. नेमकी इथेच चाहत्यांची अडचण आहे. सौदा चांगला आहे हे त्यांना दिसतं. पण चांगला सौदा २०१६ मध्येही होता.

त्यावर कडी केली नियमाने. मुद्दाम हरणाऱ्यांना आळा बसावा म्हणून लीगने ड्राफ्टच्या पहिल्या सहा नंबरांसाठी लॉटरी आणली आहे. मोठ्या बाजारपेठेतल्या संघाला सलग दोन वर्षं लॉटरीतला नंबर मिळत नाही. सॉक्सला २०२४ मध्ये पाचवा मिळाला होता. त्यामुळे १२१ सामने हरूनही २०२५ मध्ये त्यांचा नंबर दहावा लागला. संघाच्या इतिहासातला सर्वांत वाईट मोसम, आणि त्याची बिदागीसुद्धा नाही. मुद्दाम नापास व्हावं आणि त्याच वर्षी ग्रेस मार्क बंद व्हावेत, तसं.

२०२५ मध्ये नवे मॅनेजर विल व्हेनेबल यांच्या हाताखाली ६० विजय, १०२ पराभव. एकोणीस विजय जास्त. जुलैत आलेल्या कोल्सन मॉन्टगमरीने उरलेल्या मोसमात २१ होमरन मारले आणि लोक पुन्हा थोडे थोडे टीव्हीसमोर बसू लागले. डिसेंबरच्या लॉटरीत २०२६ च्या ड्राफ्टचा पहिला नंबरही लागला. पुन्हा लोक एकमेकांना सांगतायत, दम धरा, पोरं तयार होतायत. यावेळी सांगणाऱ्याचा आवाज जरा खालचा असतो.

मे २०२५ मध्ये एक गंमत झाली. नवे पोप निवडले गेले, रॉबर्ट प्रीव्होस्ट, आता लिओ चौदावे. शिकागोच्या दक्षिणेकडच्या उपनगरात वाढलेले. ते कब्जचे चाहते असल्याची आवई उठली, ती त्यांच्या भावाने लगेच खोडून काढली : कब्जचे कधीच नव्हते, व्हाइट सॉक्सचे. मग २००५ च्या अंतिम मालिकेतल्या पहिल्या सामन्याचं जुनं चित्रण सापडलं, त्यात हे गृहस्थ सॉक्सचं जॅकेट घालून काळजीने मैदानाकडे बघताना दिसतात. विभाग १४०, रांग १९, खुर्ची २. क्लबने तिथे त्यांचं चित्र लावलं. नवसाला पावणारी जागा म्हणून आपल्याकडे एव्हाना नारळ फुटले असते.

घोषणा मात्र ‘संघ विका’ हीच राहिली आहे, आणि तिला एक उत्तर मिळालंसुद्धा. राइन्सडॉर्फ यांनी १९८१ मध्ये आपल्या गटातर्फे हा संघ घेतला. १९८८ मध्ये फ्लोरिडाला जाण्याची धमकी देऊन इलिनॉय सरकारकडून नवं मैदान मिळवलं. विधिमंडळात ते विधेयक मध्यरात्रीच्या मुदतीत बसावं म्हणून भिंतीवरचं घड्याळ थांबवलं होतं, ही तिकडची प्रसिद्ध गोष्ट आहे. जून २०२५ मध्ये त्यांनी जस्टिन इश्बिया या गुंतवणूकदाराशी करार जाहीर केला. २०२९ ते २०३३ या काळात राइन्सडॉर्फ यांना वाटलं तर ते संघाचा ताबा इश्बियांना विकू शकतात. त्यांना वाटलं नाही, तर २०३४ च्या मोसमानंतर तो विकत घेण्याचा हक्क इश्बियांचा. तोवर राइन्सडॉर्फ ९८ वर्षांचे झालेले असतील, आणि २००५ चा चषक बघायला बापाच्या खांद्यावर बसून गेलेलं सहा वर्षांचं पोर पस्तिशीचं.